प्रत्येक नवी स्प्रेडशीट आपल्याच साच्यातून उघडावी, यासाठी नेमके काय करावे?

हिशेबवही

नमस्कार. मी आमच्या गृहनिर्माण संस्थेचे आणि दोन किराणा दुकानांचे हिशेब एक्सेलमध्ये ठेवतो. नवी फाइल उघडली की पहिली पाच मिनिटे ठरलेल्या कामात जातात. अक्षर निर्मला यूआय करायचे, आकार १२ करायचा, पान ए-फोर आणि आडवे करायचे, मथळ्याची ओळ प्रत्येक छापील पानावर येईल अशी सोय करायची आणि रकमांचे स्वल्पविराम लाख-कोटींप्रमाणे पडत आहेत की नाही ते पाहायचे. कोरी फाइल एकदा हवी तशी मांडून 'बुक' या नावाने टेम्पलेट म्हणून साठवली की पुढची प्रत्येक फाइल तशीच उघडते, असे वाचनात आले, म्हणून गेल्या आठवड्यात तसे केले. तेव्हापासून दिवसातून चार वेळा माझी मांडणी येते आणि चार वेळा एक्सेलची मूळ मांडणी येते. हा लहरीपणा आहे, की यामागे काही नियम आहे? जाणकारांनी कृपया सांगावे.

सुमेधा_क

लहरीपणा नाही, नियम आहे. फक्त तो एक्सेल कुठेही सांगत नाही. तुम्ही नवी फाइल कोणत्या वाटेने उघडता यावर सगळे अवलंबून आहे. एक्सेल आधीच सुरू असताना कंट्रोल आणि एन दाबले, तर तुमचा साचा वापरला जातो. मात्र २०१३च्या आवृत्तीपासून एक्सेल सुरू होताच जे स्वागताचे पान दिसते, त्यावरील 'ब्लँक वर्कबुक' या चौकटीवर टिचकी मारली, तर एक्सेल तुमच्या साच्याकडे ढुंकूनही न पाहता स्वतःची मूळ कोरी फाइल देते. उपाय सोपा आहे. 'फाइल', मग 'ऑप्शन्स', मग 'जनरल' येथे जाऊन अगदी तळाशी असलेली, सुरुवातीचे पान दाखवण्याविषयीची खूण काढून टाका. त्यानंतर एक्सेल थेट तुमच्या साच्यातूनच उघडेल.

मधली_सुट्टी

म्हणजे कोऱ्या फाइलच्या चित्रावर टिचकी मारली की कोरी फाइल मिळते, आणि त्याबद्दलच तक्रार आहे तर!

हिशेबवही

सुमेधाताई, आपण सांगितलेली खूण काढली आणि निम्मा प्रश्न सुटला. मधली_सुट्टी, आपले म्हणणे तर्काला धरून आहे, पण माझ्या पाच मिनिटांचा हिशेब त्यात बसत नाही. अजून एक वाट उरली आहे. मी पुष्कळदा त्या त्या महिन्याच्या फोल्डरमध्ये जाऊन माउसचे उजवे बटण दाबतो आणि 'न्यू' या यादीतून एक्सेलची फाइल निवडतो. तशी फाइल अजूनही मूळ मांडणीचीच येते.

दक्षिणद्वार

ती वाट एक्सेलची नसून विंडोजची आहे. उजव्या बटणाच्या यादीतून नवी फाइल करताना विंडोज एक तयार कोरी फाइल उचलून तिची नक्कल करते. ही फाइल ऑफिसच्या स्थापनेत 'शेलन्यू' नावाच्या फोल्डरमध्ये 'एक्सेल१२' या नावाने असते, आणि तुमच्या 'बुक'शी तिचा काडीचाही संबंध नसतो. संगणकाचे प्रशासकीय अधिकार असतील, तर ती फाइल बदलता येते. पण ऑफिसची दुरुस्ती किंवा पुनर्स्थापना झाली की केलेला बदल पुसला जाण्याची शक्यता असते, म्हणून मी त्या भानगडीत पडत नाही. त्याऐवजी आधी एक्सेल उघडावे, कंट्रोल-एन दाबावे आणि साठवताना हवे ते फोल्डर निवडावे. सवय बदलायला आठवडा लागतो.

पेठकर

मी हा प्रयोग दोन वर्षांपूर्वी करून सोडून दिला होता, कारण माझ्याकडे तो एकदाही चालला नाही. कंट्रोल-एन दाबूनही नाही आणि इतर कशानेही नाही.

सुमेधा_क

पेठकर, आपण साठवताना फाइलचा प्रकार म्हणून 'एक्सेल टेम्पलेट' निवडला असेल, तर त्याच क्षणी एक्सेल आपल्याला न विचारता फोल्डर बदलते आणि 'डॉक्युमेंट्स'मधील 'कस्टम ऑफिस टेम्पलेट्स' येथे नेऊन ठेवते. तेथे साठवलेली फाइल 'न्यू'च्या पानावर 'पर्सनल' या सदरात दिसते, पण ती आपोआप वापरली जात नाही. आपोआप वापरली जावी यासाठी ती 'एक्सएलस्टार्ट' याच फोल्डरमध्ये असावी लागते. हे फोल्डर 'ॲपडेटा'च्या आत लपलेले असल्यामुळे सहज सापडत नाही. 'ऑप्शन्स'मधील 'ट्रस्ट सेंटर'च्या सेटिंग्जमध्ये 'ट्रस्टेड लोकेशन्स' ही यादी उघडा. तेथे 'यूझर स्टार्टअप' असे वर्णन असलेल्या ओळीत आपल्या संगणकावरचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो. फाइलचे नाव रोमन लिपीतच 'बुक' असावे आणि त्याचा प्रत्यय एक्सएलटीएक्स असावा. 'बुक१' किंवा 'माझे बुक' असे नाव दिले तर हे चालत नाही.

प्रत्ययाबद्दल एक इशारा द्यायला हवा. 'एक्सएलस्टार्ट'मध्ये जी फाइल असेल, ती एक्सेल सुरू होताना उघडते. तेथे चुकून साधी एक्सएलएसएक्स फाइल ठेवली, तर तिची नक्कल न उघडता मूळ फाइलच उघडते. आपण तिच्यात एप्रिलचा जमाखर्च लिहून 'सेव्ह' दाबले, की दुसऱ्या दिवशी 'कोरी' फाइल एप्रिलच्या जमाखर्चासह समोर हजर होते.

पेठकर

मी नेमके त्या दुसऱ्याच फोल्डरमध्ये साठवले होते, हे आताच पाहिले. दोन वर्षे ती फाइल तेथे पडून आहे. योग्य जागी तिची नक्कल ठेवली आणि पहिल्या फटक्यात काम झाले. धन्यवाद.

जुना_कारकून

मी ३० वर्षे कार्यालयात काम केले आणि मला एवढ्या खटाटोपाची कधी गरज भासली नाही. मागच्या महिन्याची फाइल उघडावी, तिच्यातील आकडे पुसावेत आणि 'सेव्ह ॲज' करून नवे नाव द्यावे. रकाने, सूत्रे, छपाईची मांडणी, सगळे जसेच्या तसे मिळते. जी मांडणी कामात वापरून झिजलेली आहे तीच खरी उपयोगी मांडणी असते. कोऱ्या साच्यात यांपैकी निम्म्या गोष्टी नसतात, हे आपण लक्षात घ्यावे.

नदीकाठ

कारकूनसाहेब, आपल्या अनुभवाचा मान राखून असहमती नोंदवतो. आपल्या पद्धतीत आधी पुसायचे आणि नंतर 'सेव्ह ॲज' करायचे असा क्रम आहे. त्यात एकदा जरी हात सवयीने कंट्रोल-एसवर गेला तर मागचा महिना गेलाच. माझ्या बाबतीत हे घडले आहे. एका छोट्या कारखान्याचे पगारपत्रक मी अशाच रीतीने करत असे. एका महिन्याचे पत्रक याच क्रमाने पुसले गेले आणि नंतर छापील कागदावरून ४२ जणांचे आकडे पुन्हा भरावे लागले.

दुसरी गोष्ट त्याहून बारीक आहे. पुसलेल्या फाइलमध्ये आपल्याला न दिसणारे बरेच काही उरते: लपवलेल्या ओळी, लपवलेली शीट्स, सेलवरच्या जुन्या टिपा, मूळ लेखकाचे नाव. एकाच्या पगाराची टीप दुसऱ्याच्या हाती पडणे ही कार्यालयात साधी गोष्ट नसते.

जुना_कारकून

लपवलेल्या टिपांचा मुद्दा मान्य आहे. क्रमाचा मुद्दा मात्र शिस्तीचा आहे, त्यासाठी साच्याला श्रेय देता येणार नाही. मी फाइल उघडताच आधी 'सेव्ह ॲज' करतो आणि मगच पुसायला घेतो. तसेच साचा करणाऱ्यांच्या हातूनही चुका होतात, त्याचे उदाहरण देतो. आमच्याकडे एका उत्साही सहकाऱ्याने पावतीचा साचा तयार केला आणि तारखेच्या सेलमध्ये आजची तारीख आपोआप आणणारे 'टुडे' हे सूत्र घातले. सगळ्यांनी त्याचे कौतुक केले. वर्षाअखेरीस लेखापरीक्षक आले आणि त्यांनी जुन्या पावत्यांच्या फाइली उघडल्या, तेव्हा प्रत्येक पावतीवर त्याच दिवसाची तारीख होती.

मधली_सुट्टी

म्हणजे सर्व थकबाकीदारांनी एकाच शुभमुहूर्तावर पैसे भरले!

दक्षिणद्वार

हे उदाहरण फार मोलाचे आहे. 'टुडे' हे सूत्र फाइल प्रत्येक वेळी उघडताना नव्याने मोजले जाते, त्यामुळे दस्तऐवजाची तारीख म्हणून ते कधीही वापरू नये. साच्यात तारखेचा सेल रिकामा ठेवावा, त्याला फक्त तारखेचे स्वरूप द्यावे आणि भरताना कंट्रोल व अर्धविराम ही कळ एकत्र दाबावी. तेव्हा त्या दिवशीची तारीख कायमची लिहिली जाते.

जुना_कारकून यांचे कोऱ्या साच्याबद्दलचे म्हणणे मला पूर्ण चुकीचे वाटत नाही. पगारपत्रकाचा साचा वेगळा आणि सर्व नव्या फाइलींचा साचा वेगळा, हा भेद करायला हवा. 'बुक'मध्ये अक्षर, पान, समास आणि आकड्यांचे स्वरूप एवढेच असावे. सूत्रे आणि रकाने असलेला पगारपत्रकाचा साचा सुमेधाताईंनी सांगितलेल्या 'पर्सनल' सदरात ठेवावा आणि लागेल तेव्हा तेथून उचलावा. सगळेच 'बुक'मध्ये कोंबले, तर चार आकड्यांची बेरीज करायला फाइल उघडली तरी समोर भविष्य निर्वाह निधीचा रकाना येतो.

कोकणरेल्वे

मी एक्सेल वापरत नाही, लिब्रेऑफिसचे कॅल्क वापरते. तेथे हे काम पुष्कळ सरळ आहे, म्हणून लिहिते. हवी तशी फाइल मांडून 'फाइल'मधील 'टेम्पलेट्स' आणि त्यातील 'सेव्ह ॲज टेम्पलेट' निवडावे. त्याच खिडकीत 'सेट ॲज डीफॉल्ट टेम्पलेट' अशी चौकट असते. तिच्यावर खूण केली की काम संपले. फोल्डर शोधायला नको आणि विशिष्ट नावही द्यायला नको. मन बदलले तर टेम्पलेट व्यवस्थापकाच्या खिडकीतून मूळ साचा परत आणता येतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी मात्र येथे एक खोच आहे आणि तिने माझे दोन दिवस खाल्ले. कॅल्कमध्ये अक्षराच्या दोन स्वतंत्र नोंदी असतात, एक पाश्चात्त्य लिप्यांसाठी आणि दुसरी 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांसाठी. वरच्या पट्टीतून फॉन्ट बदलला आणि त्या वेळी सेल रिकामा किंवा इंग्रजी मजकुराचा असला, तर देवनागरीचा फॉन्ट जुनाच राहतो आणि मराठी टंकताना आकार भलताच येतो. आधी 'टूल्स'मधील 'ऑप्शन्स'मध्ये भाषेच्या सदरात जाऊन ही सोय सुरू करावी. मग एफ-११ दाबून शैलींची यादी उघडावी, 'डीफॉल्ट' ही शैली संपादित करावी आणि फॉन्टच्या पानावर दोन्ही नोंदी भराव्यात. बाकीच्या शैली या मूळ शैलीवरूनच घेतलेल्या असल्यामुळे बदल सगळीकडे पोहोचतो.

हिशेबवही

कोकणरेल्वे, एक शंका. पूर्ण शीट निवडून फॉन्ट बदलणे आणि मूळ शैलीत बदल करणे, यांत व्यवहारात फरक काय पडतो? मी एक्सेलमध्ये पहिलाच मार्ग वापरला आहे.

कोकणरेल्वे

खाली '+' दाबून फाइलमध्ये दुसरे शीट जोडून पाहा.

हिशेबवही

पाहिले. दुसऱ्या शीटचे अक्षर मूळचेच आले.

सुमेधा_क

तेच होणार होते. पहिल्या मार्गात आपण एका शीटला रंग दिला, शैलीला हात लावला नाही. एक्सेलमध्ये 'होम'च्या पट्टीवर 'सेल स्टाइल्स' आहे, त्यातील 'नॉर्मल' या शैलीवर उजवे बटण दाबून 'मॉडिफाय' करावे. लक्षात ठेवा, एक्सेल स्तंभांची रुंदी याच शैलीतील शून्य या अंकाच्या रुंदीवरून मोजते, म्हणून हा बदल केल्यावर सगळे स्तंभ थोडे रुंद झालेले दिसतील. ती बिघाडाची खूण नव्हे.

पानाची मांडणी आणि प्रत्येक पानावर येणारी मथळ्याची ओळ या गोष्टी मात्र शैलीत बसत नाहीत, त्या प्रत्येक शीटच्या स्वतंत्र असतात. त्यासाठी एक शीट असलेली फाइल 'शीट' या नावाने, त्याच एक्सएलटीएक्स प्रकारात आणि त्याच 'एक्सएलस्टार्ट' फोल्डरमध्ये ठेवावी. मग '+' दाबून जोडलेले शीटही तुमच्याच मांडणीचे येईल. 'बुक' आणि 'शीट' ही जोडी आहे. बहुतेकांना पहिलेच माहीत असते.

पेठकर

आता साच्यात बदल करायला त्यावर दोनदा टिचकी मारली, तर साचा न उघडता त्याची नक्कल उघडते. हे बरोबर आहे का?

दक्षिणद्वार

बरोबर आहे, टेम्पलेटचा तो धर्मच आहे. मूळ साचा उघडायचा असेल, तर त्या फाइलवर उजवे बटण दाबून 'ओपन' निवडावे.

हडसनकाठी

मी न्यू जर्सीत राहतो आणि पुण्यातील आमच्या वडिलांच्या घरभाड्याचा हिशेब येथून ठेवतो. भावाने पाठवलेला 'उत्तम साचा' माझ्याकडे उघडल्यावर रकमा दहा लाखांच्या जागी वन मिलियनच्या थाटात दिसू लागल्या, आणि माझ्या फाइलींतील तारखा त्याच्याकडे उलट्यापालट्या दिसू लागल्या. साचा एकच असून असे का व्हावे?

दक्षिणद्वार

साच्यात काय साठते आणि काय साठत नाही, या प्रश्नाकडे आपण सगळ्यांनी आधीच यायला हवे होते. स्वल्पविरामाचे साधे स्वरूप वापरले, तर अंकांचे गट कसे पाडायचे हे एक्सेल विंडोजच्या 'रीजन' सेटिंग्जमधून घेते. आपल्या भावाच्या संगणकावर तेथे भारतीय पद्धत आहे, आपल्याकडे अमेरिकन आहे. साचा दोन्हीकडे तोच आहे, वाचणारा चष्मा वेगळा आहे.

यावर तोडगा म्हणून साच्यातच अटींचे स्वरूप लिहिता येते: रक्कम एक कोटी किंवा अधिक असेल तर असे गट, एक लाख किंवा अधिक असेल तर तसे गट, आणि उरलेल्या रकमांना नेहमीचे. हे संगणकाच्या सेटिंग्जवर अवलंबून राहत नाही. परंतु एका स्वरूपात अटी दोनच घालता येतात, त्यामुळे उणे रकमा तिसऱ्या भागात ढकलल्या जातात आणि त्यांचे स्वल्पविराम पुन्हा हजारांच्याच गटांनी पडतात. मोठी येणी-देणी उणे चिन्हाने लिहिणाऱ्यांनी त्या रकान्याला वेगळे स्वरूप द्यावे.

तारखेची गोष्ट अधिक गंभीर आहे, कारण तेथे दिसणेच बदलत नाही, अर्थही बदलतो. अमेरिकन सेटिंग असलेल्या संगणकावर ०५/०८/२०२४ असे टंकले तर एक्सेल ते ८ मे समजते, आणि १५/०८/२०२४ टंकले तर पंधरावा महिना नसल्यामुळे ते तारीख न मानता मजकूर म्हणून डावीकडे चिकटवते. म्हणजे एकाच रकान्यात काही तारखा चुकीच्या आणि काही तारखाच नाहीत. टंकलेले कसे समजून घ्यायचे हे एक्सेलचा कोणताही साचा ठरवू शकत नाही, ते विंडोजच ठरवते. कॅल्कमध्येही तारीख ओळखण्याचे नमुने भाषेच्या सेटिंग्जमध्ये असतात, साच्यात नसतात.

सुमेधा_क

म्हणूनच समुद्रापार हिशेब ठेवणाऱ्यांनी गुगल शीट्सचा विचार करावा. तेथे प्रत्येक नव्या फाइलसाठी आपोआप लागू होणारा स्वतःचा साचा ठरवता येत नाही, हा तोटा आहे. पण प्रदेश आणि कालविभाग ही सेटिंग्ज त्या त्या फाइलच्या आत असतात. भारत हा प्रदेश निवडलेली एक कोरी फाइल तयार करावी आणि तिच्या पत्त्यातील शेवटचा 'एडिट' हा शब्द काढून तेथे 'कॉपी' असा शब्द लिहून तो दुवा जपून ठेवावा. दुवा उघडला की नक्कल करायची का, असा प्रश्न येतो, आणि त्या नकलेसोबत प्रदेशही येतो. पुण्यात आणि न्यू जर्सीत तारखेचा अर्थ एकच राहतो.

हडसनकाठी

आपण सांगितले तसे केले. भाऊ म्हणाला की ऑगस्टचे भाडे मे महिन्यात कसे जमा झाले, या प्रश्नावर त्याने भाडेकरूशी वाद घातला होता. आता त्याला जाऊन माफी मागावी लागणार आहे.

कोकणरेल्वे

पानाचा आकारही तपासा. अमेरिकन भाषासेटिंग असेल, तर कॅल्कची नवी फाइल 'लेटर' या आकाराच्या पानाची येते. ते पान ए-फोरपेक्षा किंचित रुंद आणि आखूड असते, त्यामुळे भारतात छापताना कडेचा रकाना दुसऱ्या पानावर पळतो. हे मात्र साच्यातून कायमचे सुटते, कारण पानाची शैली साच्यातच साठते.

खडूफळा

उशिरा आलो, पण अक्षरांविषयी एक अनुभव नोंदवतो. आमच्या शाळेत जुन्या, युनिकोडपूर्व मराठी फॉन्टची सवय होती आणि कोणीतरी तोच फॉन्ट मूळ साच्यात घालून ठेवला. विद्यार्थ्यांची नावे व्यवस्थित दिसत होती. पण ईमेलचा पत्ता लिहिला की तो अगम्य देवनागरी होई, आणि वरच्या सूत्रपट्टीत मराठी नावांच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसत. शिवाय नावे अकारविल्हे लावायला गेल्यावर अ, आ, इ हा क्रम लागेच ना, कारण संगणकाच्या लेखी ती मराठी अक्षरे नव्हतीच. साच्यात असा फॉन्ट घालणे म्हणजे एक चूक करून तिच्या शेकडो प्रती काढणे होय. युनिकोड फॉन्टच ठेवावा आणि जुन्या फाइली रूपांतरित करून घ्याव्यात.

जुना_कारकून

रूपांतराचे ते काम मी निवृत्तीपूर्वी सहा महिने केले आहे. त्या एका बाबतीत मी साचेवाल्यांच्या बाजूने आहे.

हिशेबवही

सर्वांचे आभार मानून सद्यस्थिती सांगतो. 'नॉर्मल' शैली बदलली, 'बुक' आणि 'शीट' या दोन्ही फाइली 'एक्सएलस्टार्ट'मध्ये ठेवल्या, सुरुवातीचे पान बंद केले. रकमांसाठी अटींचे स्वरूप घातले आणि संस्थेच्या थकबाकीचा रकाना वेगळा ठेवला. उजव्या बटणाच्या वाटेने फाइल करण्याची सवय अजून सुटलेली नाही, काल दोनदा चुकलो. जुन्या फाइली मात्र जशाच्या तशाच आहेत. त्यांनाही नवा साचा लागू होईल असे मी गृहीत धरले होते.

दक्षिणद्वार

तसे होत नाही. साचा जन्माच्या वेळीच लागू होतो, नंतर फाइल आणि साचा यांचा संबंध उरत नाही. जुन्या फाइलींपैकी ज्या चालू वर्षाच्या आहेत तेवढ्यांतच शैली बदलून घ्या, बाकीच्यांना हात लावू नका. आणि 'ॲपडेटा' हे लपलेले फोल्डर असल्यामुळे संगणक बदलताना ते हमखास विसरले जाते, म्हणून त्या दोन्ही फाइलींची एक प्रत आजच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा.

पेठकर

माझी प्रत दोन वर्षांपासून 'कस्टम ऑफिस टेम्पलेट्स'मध्ये सुरक्षित आहे.